मानशीची चावी: झुवारीकाठच्या एका फुटलेल्या खाजनाचे प्रकरण

हे प्रकरण झुवारीच्या काठावरच्या एका गावातले आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही, आणि आमच्या खाजनापुरते आकडे मुद्दाम मोघम ठेवले आहेत. खाजन म्हणजे नदीचे खारे पाणी बांधाने अडवून भाताखाली आणलेली सखल जमीन. मी या खाजनाच्या कूळ संघटनेचा काही वर्षे चिटणीस होतो. पेशाने शाळामास्तर. माझे वडील याच खाजनात कूळ म्हणून राबले, त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचा बांध सरकारी पैशाने दोनदा बांधला गेला आणि दोन्ही वेळा गेला. तिसऱ्यांदा तो उभा राहिला. तिसऱ्या खेपेला पैसा काही जास्त मिळाला नव्हता. फरक इतकाच होता की मानस, म्हणजे बांधातली झडपांची मोरी, कधी उघडायची, कधी मिटायची आणि ते कोण ठरवणार, हे माती टाकण्याच्या आधी कागदावर आले होते. ते तिथवर कसे आले आणि वाटेत आम्ही काय चुकलो, ते इथे लिहीत आहे.

पार्श्वभूमी

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगावे लागेल. मांडवी आणि झुवारीत समुद्राचे पाणी भरतीबरोबर चाळीस-पन्नास किलोमीटर आत येते. काठची सखल जमीन खरे तर त्या पाण्याची. आपल्या पूर्वजांनी नदीच्या अंगाने चिखलाचे बांध घातले आणि ती भाताखाली आणली. हे खाजन. गोव्यात अशी जमीन साधारण १८,००० हेक्टर असल्याचे सांगितले जाते. शेताची पातळी उधाणाच्या भरतीहून खाली असते, म्हणून एका जागी बांध गेला की एकट्या शेजारच्या शेतकऱ्याचे नुकसान होऊन भागत नाही, अख्खे खाजन बुडते.

बांधाला मानस असते. मानस म्हणजे लाकडी झडपांची मोरी. भरती चढली की नदीचे पाणी झडपेला बाहेरून दाबते आणि ती मिटते. सुकती (ओहोटी) लागली की आतले पावसाचे पाणी तिला ढकलून नदीत उतरते. पावसाळाभर हे आपोआप चालते, माणसाला हातही लावावा लागत नाही. मानशीच्या आत खोलगट पाणी साठते ती पोंय. कापणी झाली की झडप वर धरून खारे पाणी आत घ्यायचे आणि सुकतीला मानशीच्या तोंडाशी जाळे लावायचे. शेवटे, चोणक, काळुंद्रे, सुंगटे, कुर्ल्या (खेकडे), जे येईल ते. मानशीच्या मासळीची पावणी (लिलाव) होते, आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी करायची असा रिवाज.

भातही तसेच होते. कोरगुट म्हणजे उंच वाढणारे, खार सोसणारे, लाल दाण्याचे भात. जूनच्या पहिल्या पावसांनी जमिनीतला खार धुऊन निघाला की मग पेरणी. माझ्या लहानपणी आमच्या घरची पेज याच तांदळाची असे.

हे सगळे पूर्वी गावकरी, म्हणजे गावाची सामाईक जमीन चालवणारी संस्था, सांभाळत असे. पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये गावकरीच्या चालीरीतींची सनद लिहून घेतली तेव्हाही ही व्यवस्था जुनीच होती. पुढे गावकरीची कोमुनिदाद झाली. मुक्तीनंतर १९६४ साली कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कूळ जमिनीचा मालक मानला गेला. आमच्या घरात कसेल त्याची जमीन झाली याचे मोल मला ठाऊक आहे आणि त्या कायद्याविरुद्ध माझ्या तोंडून शब्द निघणार नाही. पण शेते वाटली गेली आणि बांध मात्र वाटता येण्यासारखा नव्हता. त्यासाठी आधीच १९७५ च्या नियमांनी बांध, मानस, पोंय यांची जबाबदारी कुळांच्या संघटनेवर सामाईक ठेवली आणि देखरेख मामलेदाराकडे दिली. कागदावर हे चोख आहे. गावात मात्र संघटना म्हणजे वर्षातून एकदा पावणी लावणारी मंडळी, एवढाच अर्थ हळूहळू उरला.

बांध कसा गेला

श्रावणातल्या अमावास्येचे उधाण होते आणि वरून दोन दिवस पाऊस कोसळत होता. पहाटे जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. आमच्या वाड्यावरून खाजन दिसते. जिथे आदल्या संध्याकाळी हिरवे भात होते तिथे नदी होती.

कारणे शोधायला नंतर पुष्कळ वेळ मिळाला. खनिजाच्या बार्जी २०१२ पर्यंत झुवारीतून रात्रंदिवस जात. त्यांच्या लाटांनी बांधाचा नदीकडचा पाया वर्षानुवर्षे खाल्ला होता. बार्जी थांबल्या तरी खाल्लेली जागा कुणी भरली नाही. दुसरे कारण आमच्या शेजारच्या मावशींनी सांगितले. त्या आयुष्यभर या खाजनात लावणीला गेलेल्या. म्हणाल्या, "मास्तर, बांधावरून माणूस चालायला हवा. पूर्वी बाजाराला, शाळेला, देवळात सगळे बांधावरून जात. पाय पडायचे बंद झाले आणि कुर्लीने घर केले." रस्ता झाल्यापासून बांधावरून कुणी जात नव्हते. कुर्लीच्या बिळातून पाणी झिरपते, झिरपता झिरपता माती नेते, आणि एक दिवस भगदाड पडते. गोष्ट इतकी साधी आहे.

तिसऱ्या कारणावर गाव अजून भांडते. मानशीचा त्या वर्षीचा ठेकेदार मासळीसाठी पावसाळ्यातही झडप अडकवून ठेवतो, असे लोक म्हणत. बांध त्यानेच फोडला असेही काही जण म्हणाले. पुरावा नव्हता. गोव्यात मासळीसाठी बांध फोडल्याच्या तक्रारी अनेक गावांत झालेल्या आहेत, त्यामुळे संशय हवेतला नव्हता. पण संशय घेऊन पोलिसांत जायचे की त्याच माणसाला पुढे बैठकीला बसवायचे, हा आमचा पहिला निर्णय होता. आम्ही पोलिसांत गेलो नाही. काही कुळांनी याबद्दल मला आजवर माफ केलेले नाही. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो, कारण मानशीवर रात्री उभा राहणारा गावातला एकमेव माणूस तोच होता.

दोन दुरुस्त्या

सरकारी पैसा लवकर मंजूर झाला, हे मान्य केले पाहिजे. पण त्याचे वेळापत्रक नदीचे नव्हते. अंदाजपत्रक, निविदा, मंजुरी यांत हिवाळा गेला. आदेश निघाला तो आर्थिक वर्ष संपता संपता, आणि जेसीबी बांधावर आला एप्रिलमध्ये. चिखलाचा बांध बसायला, सुकायला, पुन्हा भर घालायला महिने लागतात. दोन महिन्यांत पाऊस येणार हे ठाऊक असताना काम सुरू झाले.

त्यात दोन चुका झाल्या. माती कंत्राटदाराने बांधाच्या आतल्या बाजूने, अगदी पायथ्यापासून काढली. त्याला ती जवळची आणि स्वस्त. बांधाला लागूनच लांबलचक चर पडला आणि नव्या बांधाचा पाय पोकळीवर आला. दुसरी चूक तिथीची. भगदाड बुजवायचे तर ते भांगाच्या दिवसांत, सप्तमी-अष्टमीच्या सुमारास, जेव्हा भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो. तोंड जसजसे अरुंद होते तसतसे त्यातून पाणी जोराने धावते, म्हणून शेवटचे काही हात एकाच सुकतीत मिटवावे लागतात. इथे शेवटचा भराव अमावास्येच्या आसपास पडला. पहिल्या वर्षी तो पावसाळ्याच्या मध्यावर गेला. दुसऱ्या वर्षी दुसरा कंत्राटदार आला, चिऱ्यांची पिचिंग केली, बांध दिसायला देखणा झाला. चर तसाच होता. पुढच्या उधाणाला चिरे जागेवर राहिले आणि पाणी त्यांच्या खालून आले.

मी त्या अभियंत्यांना दोष देऊन मोकळा होऊ शकत नाही. आमच्यापैकी कुणी जाऊन त्यांना तिथी सांगितली नव्हती. काम सरकारचे आहे, आपण बघायचे, अशी आमची वृत्ती झाली होती.

अडचण खरी कुठे होती

एव्हाना खाजन खारे होऊन काही पावसाळे उलटले होते. सखल कोपऱ्यात तिवर आणि चिप्पी ही खारफुटीची झाडे उगवून माणसापेक्षा उंच झाली होती. शेतीच नसल्याने बांधात कुणाला रस उरला नव्हता. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातल्या सात-बारावर) ज्यांची नावे होती त्यांतले निम्मे हयात नव्हते. वारस मुंबईत, आखातात, काही पोर्तुगालात. कुळांची मुले वास्कोत आणि वेर्ण्याच्या कारखान्यांत नोकरीला. कुणाची सही घ्यायची, हाच प्रश्न होता.

ठेकेदाराला उलट बारमाही मासळी मिळत होती. पाणी आत-बाहेर मोकळे, पोंय भरलेली. पावणीची रक्कमही त्या वर्षांत चढली होती आणि ती संघटनेच्या खात्यात येत होती. हे लिहायला जड जाते, पण लिहिले पाहिजे: फुटलेल्या बांधातून संघटनेला उत्पन्न होत होते. कार्यकारिणीत काहींना घाई नव्हती ती यामुळे.

कोंडी फुटली ती अनपेक्षित बाजूने. खाजनाला लागून मुंडकारांचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांचा, एक वाडा आहे. त्यांची खाजनात शेते नाहीत. त्यांच्या विहिरींचे पाणी खारट होऊ लागले. उन्हाळ्यात टँकर येऊ लागला. त्या वाड्यातल्या बायका एका रविवारी थेट माझ्या घरी आल्या. त्यांतली एक वहिनी म्हणाली, "मास्तर, तुमच्या बैठकीत आम्हाला खुर्ची नाही, कारण आम्ही कुळं नाही. पण पाणी आमच्या चुलीपर्यंत आलंय." त्या दिवसापासून ही गोष्ट खातेदारांपुरती राहिली नाही. खाजनाचा बांध हा आसपासच्या विहिरींचाही बांध असतो, हे आम्हाला पुस्तकात सापडले नसते.

समोर असलेले पर्याय

ग्रामसभेनंतर चार वाटा चर्चेला आल्या. पहिली म्हणजे पुन्हा अर्ज करून तिसऱ्या निविदेची वाट पाहणे. ती फार वेळ टिकली नाही.

दुसरी वाट मोहाची होती. बाहेरचा एक गुंतवणूकदार संपूर्ण खाजन भाड्याने घेऊन कोळंबीची तळी करू पाहत होता. भाडे भातापेक्षा कितीतरी जास्त. वारसांपैकी अनेकांना ते हवे होते, आणि मुंबईत बसून तसे वाटणे मी समजू शकतो. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच किनारी नियमन क्षेत्रात पारंपरिक सोडून इतर कोळंबी शेतीला मनाई केली होती, आणि २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी वेगळी तरतूद होती: त्यांचे नकाशे करायचे, खारफुटी राखायची आणि खाजनात विकासकामांना परवानगी द्यायची नाही. कायद्याने ती वाट बंद केली. ती बंद नसती तर बहुमत कुठे गेले असते, मी छातीठोक सांगू शकत नाही.

तिसरी वाट गावातल्या एका तरुणाने मांडली. तो पर्यावरणाचे शिक्षण घेऊन आला होता. त्याचे म्हणणे, खाजन सोडून द्यावे, खारफुटी वाढू द्यावी, कार्बन साठवल्याचे पैसे मालकांना मिळतील असे बघावे. त्याने युरोपातल्या पीट जमिनींचे उदाहरण दिले. पीट म्हणजे पाणथळीत हजारो वर्षे साचलेला, पुरता न कुजलेला वनस्पतींचा थर. जगाच्या जमिनीच्या जेमतेम ३ टक्के भागावर तो आहे, पण सगळ्या जंगलांतल्या झाडाझुडपांहून जास्त कार्बन त्यात आहे. चर खणून निचरा केला की तो थर हवेला लागतो, कुजतो, खचतो. स्कॉटलंडमध्ये २०१२ पासून सरकारी पैशाने हे चर बुजवून पाणी पुन्हा वर आणण्याचे काम चालते आणि त्यासाठी जमीनमालकांना अनुदान मिळते.

मला त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट पटली आणि ती पुढे उपयोगी पडली. तिकडेही अडचण हीच, की पाण्याची पातळी एकट्या मालकाला ठरवता येत नाही. एकाने चर बुजवला की शेजाऱ्याच्या जमिनीत ओल चढते. म्हणून पैशाच्या आधी शेजाऱ्यांचे जुळावे लागते. पण आमच्या जमिनीचा इतिहास उलटा होता. इथे पाणी बाहेर ठेवूनच जमीन जिवंत राहिली होती आणि तिच्यावर भात, मासळी, विहिरी अशी तीन पोटे भरत होती. सगळे सोडून द्यायला गाव तयार नव्हते. मीही नव्हतो.

उरली चौथी वाट: सरकारी पैसा घ्यायचाच, पण आपली वर्गणी आणि आपली माणसे घालून, आणि मानशीचा वाद आधी मिटवून.

मानशीचा करार

यात पाच महिने गेले. बांध बांधायला त्याहून कमी लागले.

भांडण वरवर पैशाचे दिसे, मुळात ते तारखांचे होते. कुळांना खारे पाणी एप्रिलअखेर बंद हवे, म्हणजे जमीन थोडी उकलते आणि पहिल्या पावसात खार धुऊन निघतो. ठेकेदाराला मे महिना हवा, कारण त्या दिवसांत मासळीला भाव. दुसरा वाद पातळीचा. तो पोंयीबाहेर शेतात पाणी चढवी, कारण जितके पसरट पाणी तितकी जास्त मासळी.

आमचे अध्यक्ष पूर्वी बार्जीवर तांडेल होते, नदी त्यांना पाठ. एका बैठकीत आवाज चढले तेव्हा ते ठेकेदाराला म्हणाले, "बाबू, तू एक वर्षाची पावणी घेतोस म्हणून एका वर्षात सगळं उपसतोस. मी तुझ्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. तीन वर्षं दिली तर?" सगळे गप्प झाले. इतकी वर्षे आम्ही त्याच्या हावरेपणावर बोलत होतो, आणि तो हावरेपणा आमच्याच पावणीच्या मुदतीतून आला होता.

शेवटी ठरले ते असे. पावणी तीन वर्षांची करण्यासाठी परवानगी मागायची. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी झडप खाली येणार आणि भात कापून होईपर्यंत तिला हात लागणार नाही. पोंयीच्या काठावर एक चिरा रोवून त्यावर खाच करायची. पाणी खाचेच्या वर दिसले तर ठेकेदाराच्या अनामत रकमेतून कापायचे. झडप वर ओढायच्या साखळीला दोन कुलुपे, एकाची चावी त्याच्याकडे, दुसऱ्याची संघटनेच्या राखणदाराकडे. राखणदाराचा पगार पावणीतून. त्याचे काम रोज संध्याकाळी बांधावरून एक फेरी मारणे आणि बिळे दिसली की बुजवणे. ही शेवटची अट मावशींच्या बोलण्यातून आली होती.

मुदतवाढीच्या परवानगीचा कागद सरकारी कार्यालयांतून फिरत राहिला आणि पहिल्या वर्षी आला नाही. ठेकेदाराने तरीही करार पाळला. त्याला याचे श्रेय मिळाले पाहिजे, म्हणून लिहितो.

सह्यांचा प्रश्न आम्ही अर्धवट सोडवला. सर्व वारसांची संमती गोळा करत बसलो असतो तर आणखी दोन पावसाळे गेले असते. म्हणून जे प्रत्यक्ष कसत होते किंवा कसायला तयार होते त्यांच्या सह्यांवर संघटनेचा ठराव केला आणि बाहेरच्या वारसांना पत्रे पाठवली. उत्तरे थोडी आली. एका भाटकार (जमीनदार) घराण्याने मात्र, ज्यांच्याकडे आता खाजनात नावापुरते तुकडे उरले आहेत, वर्गणी पाठवली आणि सोबत आजोबांच्या हातचा बांधाचा जुना नकाशा. त्या नकाशाने मूळ मानस कुठे होती ते कळले. आजच्या जागेपासून थोडी खाली, जिथे जमिनीचा नैसर्गिक उतार येतो तिथे.

काम

या वेळी आम्ही खात्यातल्या अभियंत्याकडे कापणीच्या हंगामानंतर लगेच गेलो, हातात पंचांग घेऊन. तो तरुण होता आणि ऐकून घेणारा होता. भगदाड कोणत्या आठवड्यात मिटवायचे ते त्याने कामाच्या वेळापत्रकात घातले. माती आतून घ्यायची नाही, सुकतीला नदीच्या अंगाने उघड्या पडणाऱ्या गाळातून घ्यायची, हेही कागदावर आले. खर्च वाढला, आणि तो फरक आम्ही श्रमदान आणि वर्गणीतून भरला. कंत्राटदाराला हे पसंत नव्हते. गावातली माणसे रोज कामावर उभी असल्याने त्याला दुसरे करता आले नाही.

माघाच्या एका अष्टमीला तोंड मिटले. दुपारची सुकती होती. भाताचा पेंढा आणि चिखल असे थर देत दोन्ही बाजूंनी माणसे पुढे सरकत होती, जेसीबी मागून भर देत होता. मधले अंतर चार हातांवर आले तेव्हा पाण्याचा आवाज बदलला. मुंडकार वाड्यातल्या बायका पेंढ्याच्या मोळ्या हातोहात देत होत्या. भरती लागायच्या आत माती पाण्यावर आली. संध्याकाळी सगळे बांधावर बसून भरती चढताना पाहत होते, कुणी घरी जाईना.

मानशीची जागा मात्र आम्ही बदलली नाही. जुन्या नकाशाप्रमाणे खाली न्यायची तर नवीन मंजुरी लागणार होती. झडपा मट्टीच्या लाकडाच्या केल्या. काहींना लोखंडी हव्या होत्या, पण खाऱ्या पाण्यात लोखंड गंजताना आम्ही शेजारच्या गावात पाहिले होते.

खारफुटीचा कोपरा

सर्वांत कठीण निर्णय हा होता. सखल कोपऱ्यात उगवलेली तिवरे तोडायची म्हणजे कायद्याचा भंग. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली झाड तोडायला परवानगी लागते आणि किनारी नियमनात खारफुटीला सर्वांत कडक संरक्षण आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात गोव्याची सारी खारफुटी २७ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे तिचे मोल आहेच. पण तो कोपरा ज्या कुळांचा होता त्यांच्यासाठी तो कोपरा म्हणजे त्यांची जमीन होती, आणि ती झाडे उगवली ती बांध वेळेवर दुरुस्त न झाल्यामुळे.

आम्ही नवा बांध त्या कोपऱ्याच्या आतून नेला. कोपरा नदीला सोडला. त्यामुळे बांध आखूड झाला, आणि पुढची झाडे लाटा झेलतात हेही खरे. पण पाच-सहा कुटुंबांची शेते बांधाबाहेर गेली. त्यांना पावणीच्या उत्पन्नातून दरवर्षी वाटा द्यायचा ठराव झाला. वाटा भाताच्या किमतीशी जोडावा की ठरावीक रक्कम असावी, यावर एकमत झाले नाही. शेवटी ठरावीक रक्कम ठरली आणि तीच आमची मोठी चूक होती असे मी मानतो. भाव चढतात, रक्कम तिथेच राहते. त्यांतले एक काका मला रस्त्यात भेटले की एवढेच म्हणतात, "मास्तर, गाव वाचला, आम्ही बांधाबाहेर." मला त्यावर उत्तर नाही.

निष्पन्न काय झाले

पहिल्या पावसाळ्यात आम्ही काही पेरले नाही. नुसता पाऊस शेतात साठवायचा, सुकतीला मानशीतून सोडायचा, पुन्हा साठवायचा. धीर सुटत होता. गोव्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो म्हणून हे जमते.

दुसऱ्या वर्षी वरच्या शेतांत कोरगुट पेरले. बियाणे गावात उरले नव्हते, पलीकडच्या काठावरून आणले. काही जणांनी इला येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातून निवडून काढलेले गोवा धान १ घेतले. दोघांनी हट्टाने ज्योती जातीचे भात लावले आणि ते ऑगस्टमध्ये पिवळे पडले. मधल्या पट्ट्यात रोपे तांबूस होऊन खुंटली. तिथे उन्हाळ्यात जमीन फार उघडी सुकू दिली होती. खाजनाच्या चिखलात गंधकाचे क्षार असतात. ते ओलीत निद्रिस्त राहतात, हवा लागली की त्यांचे आम्ल होते. भेगांत पिवळे डाग दिसत होते, आम्हाला त्यांचा अर्थ माहीत नव्हता. पीट हवेला लागला की बिघडतो, हे त्या तरुणाने सांगितले होते. इथे वेगळ्या कारणाने तसेच झाले. पुढच्या उन्हाळ्यात त्या पट्ट्यात ओल टिकवली आणि फरक पडला.

बांधाची परीक्षा तिसऱ्या वर्षी झाली. भाद्रपदातल्या उधाणाला राखणदाराला संध्याकाळच्या फेरीत जुन्या चरापाशी गढूळ पाण्याची धार दिसली. स्वच्छ पाणी झिरपत असेल तर वेळ असतो. गढूळ म्हणजे माती जात आहे. त्याने ठेकेदाराला हाक मारली, कारण त्या वेळी नदीवर तोच होता. दोघांनी मिळून पोती टाकली आणि तासाभरात वाडा जमला. रात्र निभावली. तो जुना चर आम्ही दुरुस्तीच्या वेळी बुजवायला हवा होता. अंदाजपत्रकात नव्हता म्हणून राहिला होता. त्या हिवाळ्यात श्रमदानाने बुजवला.

विहिरींचे पाणी दोन उन्हाळ्यांनी सुधारले, टँकर बंद झाला. भाताखाली आलेली जमीन मूळ खाजनाच्या निम्म्याहून थोडी जास्त आहे. बाकीची पडीक आहे, ती खारामुळे नव्हे. तिच्या वारसांपैकी कसायला कुणी नाही.

वेगळे काय करता आले असते

मुंडकार वाड्याला पहिल्याच दिवशी बोलवायला हवे होते. ते तीन वर्षे आमच्याआधी खारे पाणी पीत होते.

जमिनीतला खार आम्ही सुरुवातीला मोजला नाही. मोजला असता तर कोणत्या शेतात कधी पेरायचे यावर भांडणे कमी झाली असती आणि ज्योती लावणाऱ्या दोघांचे बी वाचले असते. वारसांच्या यादीचे कामही बांध फुटायच्या आधी, शांततेच्या काळात करायचे असते. फुटल्यावर प्रत्येक सही सौदा होते. मानशीची जागा जुन्या नकाशाप्रमाणे न हलवल्याची हळहळ मला दर पावसाळ्यात वाटते, कारण खालच्या शेतांत पाणी आजही उशिरा उतरते.

आणि कोपऱ्यातल्या कुटुंबांचा वाटा. सरकारी योजनेत बांधासाठी पैसा आहे, पण सर्वांच्या भल्यासाठी आपली जमीन नदीला सोडणाऱ्यासाठी काही नाही. तसा अर्ज आम्ही केला आहे. वाटा भाताच्या भावाशी जोडण्याचा ठराव संघटनेच्या येत्या सभेत मी पुन्हा मांडणार आहे. मागच्या वेळी तो तीन मतांनी पडला. त्या सभेला ठेकेदारालाही बोलावले आहे, कारण वाटा त्याच्या पावणीतून जायचा आहे. तो येतो म्हणाला आहे.